पावणेएकोणीस सेंटचं पत्र आणि आईचं कुंकू

थांबा थांबा, बाकी सगळं नंतर. जेवण नंतर, मशीनमधले कपडे नंतर, सोमवारच्या डेमोची तयारी तर गेलीच खड्ड्यात. हे मला आत्ताच्या आत्ता कुणालातरी सांगायचंय, नाहीतर मी फुटेन. युट्रेख्टहून डीमनला येताना ट्रेनमध्येच टाइप करायला लागले होते, पण प्रत्येक शब्द चुकत होता. आता घरी आलेय, कोट अजून अंगावरच आहे, आणि ते पत्र समोर टेबलावर आहे. माझ्या आईने ज्याला कुंकू लावलं, ते पत्र. आणि ते माझ्याकडे आहे हेच मला पटत नाहीये!

सुरुवातीपासून सांगते.

मी जुनी अमेरिकन पत्रं जमवते. हो, माहितीये. मुलगी पुण्याची, नोकरी सॉफ्टवेअरची, राहते नेदरलँड्समध्ये आणि जमवते काय, तर दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या टपालाचे कागद. माझे बाबा ओळख करून देताना म्हणतात, "हिला रद्दीचा नाद आहे."

हा नाद लागला तो राजाच्या वाढदिवसाला. त्या दिवशी इथे सगळा देश घरातली अडगळ रस्त्यावर मांडून विकतो. मी एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेतला, पोह्यांसाठी. त्याच्या तळाशी घडी घातलेला एक पिवळट कागद होता. पाकीट नाही, तिकीट नाही, बाहेरच पत्ता लिहिलेला, आणि लाखेचा तुटका ठिपका. छान दिसला म्हणून मी तो फ्रिजवर मॅग्नेटने लावून टाकला. तीन-चार महिने तो तिथेच, चिकनच्या रेसिपीशेजारी.

मग ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की युट्रेख्टमध्ये टपालाचे कागद जमवणाऱ्यांचा क्लब आहे, शनिवारी भेटतात. गेले. एका वस्तीतल्या समाजमंदिरासारख्या हॉलमध्ये दहा-बारा आजोबा, कॉफी, आणि पिनड्रॉप शांतता. माझा कागद बघायला एक उंच, हडकुळे, कधीही न हसणारे गृहस्थ पुढे आले. त्यांना तिथे सगळे 'मेनेर' म्हणत होते, म्हणजे आपलं 'साहेब'. मीही तेच म्हणायला लागले. त्यांनी भिंग लावलं, पाहिलं, आणि इंग्रजीत विचारलं, "हे कुठे ठेवलं होतंस?"

"फ्रिजवर. मॅग्नेटखाली."

त्यांनी डोळे मिटून घेतले. खरंच मिटले. मग म्हणाले, "पुढच्या शनिवारी ये. तुला बरंच शिकवावं लागणार आहे."

आणि त्यांनी शिकवलं. तेव्हा तिकडे तिकिटं निघालीच नव्हती. टपालाचा दर किती कागद आणि किती लांब यावर ठरायचा, पाकीटही एक कागद म्हणूनच मोजलं जायचं, त्यामुळे पाकीट कुणी वापरायचंच नाही. पत्राचाच कागद दुमडायचा, लाख लावायची, वर पत्ता. पोस्टमास्तर कोपऱ्यात शाईने दर लिहायचा आणि बऱ्याचदा पैसे द्यायचा तो पत्र घेणारा! म्हणजे तुम्हाला कुणी शिव्या घातल्या तरी त्या तुम्हीच पैसे देऊन सोडवून घ्यायच्या. हे ऐकलं आणि मी संपले. त्या दिवसापासून पगारातला एक कोपरा या कागदांचा.

आता दराची गंमत. मी व्हिडिओ कॉलवर आईला एक पत्र दाखवत होते. म्हटलं, "आई, हे बघ ना किती विचित्र, अठरा आणि वर तीन चतुर्थांश सेंट."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पावणेएकोणीस."

"काय?"

"अगं पावणेएकोणीस. त्यात विचित्र काय? आम्हाला शाळेत पाढे होते असले."

मी लगेच तिला दुसरं दाखवलं. "साडेबारा." तिसरं, दोन कागदांचं, दुप्पट दराचं. "साडेसदतीस. पुढे?" म्हणजे तिकडे स्पॅनिश चांदीची नाणी चालायची, डॉलरचा आठवा भाग साडेबारा सेंट, त्याची दीडपट पावणेएकोणीस, हे मेनेरनी मला कागदावर आकृती काढून समजावलं होतं आणि इथे आई मेथी निवडता निवडता वाचत होती. मी हे मेनेरना सांगितलं. ते हसले नाहीत, अर्थातच. पण म्हणाले, "तुझ्या प्रदर्शनाचा विषय हाच कर."

क्लबचं वर्षातून एक प्रदर्शन असतं. यंदा पहिल्यांदाच मला एक पूर्ण फ्रेम, म्हणजे पत्रं मांडायचा एक काचेचा फलक, मिळाली होती. अपूर्णांकातले दर, एवढाच विषय. माझ्याकडे साडेबारावाली होती, साडेसदतीसचं होतं, पण पावणेएकोणीसचं पत्र फाटकं, आकडा अर्धा गेलेला. मेनेरकडे होतं. बॉस्टनहून फिलाडेल्फियाला गेलेलं, लाल शाईत आकडा इतका स्वच्छ की काल लिहिल्यासारखा. त्यांनी ते मला दिलं. वापरायला, प्रदर्शनापुरतं. क्लबमधल्या एका आजोबांनी माझ्या कानात सांगितलं की यांनी आजवर कुणालाही काहीही दिलेलं नाही, बायकोलासुद्धा हात लावू देत नसत.

देताना अटी. "प्लास्टिकच्या बाहेर काढायचं नाही. स्वयंपाकघरात न्यायचं नाही. फ्रिजवर," इथे थांबून माझ्याकडे बघितलं, "लावायचं नाही."

मी ट्रेनमध्ये बॅग पोटाशी धरून घरी आले. त्याच आठवड्यात आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले होते.

आता गुरुवार. दसरा. इथे सुट्टी कसली? मी सकाळी आठला ऑफिसला पळाले. आईने आदल्या दिवशी क्वार्कचं श्रीखंड करून ठेवलं होतं. इथलं क्वार्क म्हणजे जवळजवळ चक्काच, हा तिचा शोध, आणि त्याच्यावरून ती पूर्ण देशावर खूश होती. आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून तिने ट्राम स्टॉपजवळच्या गिंकोच्या झाडाखालची पानं गोळा केली होती. नुकती पिवळी पडायला लागलेली, मधोमध चिरलेली. "डिट्टो आपटा," असं म्हणत होती. "शिवाय पिवळा. आपलं सोनं हिरवं असतं, यांचं खरंच सोन्याच्या रंगाचं."

संध्याकाळी सहाला मी दार उघडलं. उदबत्तीचा वास. बेडशीटवर पाट, पाटावर मांडणी. माझा घरचा लॅपटॉप. सायकलची किल्ली. बाबांचं ब्लडप्रेशरचं यंत्र. भाजीची सुरी. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर शेवंती.

आणि मधोमध, सगळ्यांच्या पुढे, पहिल्या मानाच्या जागी, ते पत्र. प्लास्टिकच्या बाहेर.

खालच्या कोपऱ्यात हळदीचं बोट आणि त्याच्या शेजारी कुंकवाचं बोट. ओलं! वर दोन-तीन अक्षता आणि एक गिंकोचं पान.

बॅग खांद्यावरून खाली पडली.

आई आतून पदराला हात पुसत आली, खूश. "आलीस? बघ कशी मांडलीय पूजा. तुझी हत्यारं सगळी."

"आई. आई. ते. ते बाहेर कुणी काढलं?"

"मी. प्लास्टिकला कुंकू लावतात का कुणी?"

मी धावले. आईने हात आडवा घातला. "अगं दिवा चालू आहे! उचलायचं नाही आज. आजचा दिवस त्याला विश्रांती."

"आई, ते दोनशे वर्षं जुनं आहे!"

"म्हणून तर पहिलं ठेवलं."

बाबा सोफ्यावरून, "मी म्हणत होतो हिला, रद्दीला कशाला लावतेस."

"तुम्ही काही म्हणत नव्हतात, तुम्ही झोपला होतात."

"कोरड्या खोडरबराने जाईल," बाबा म्हणाले. "किंवा जरासं लिंबू."

"बाबा प्लीज!! लिंबू नाही! काही नाही! कुणी हात लावू नका!" पुसायचं नाही, हा मेनेरचा पहिला धडा. पुसलं की डाग पसरतो आणि कागद सोलतो. मी तिथेच जमिनीवर बसले. हळद कागदात उतरताना मला दिसत होती, पिवळी कड हळूहळू मोठी होत होती, आणि मी बघत बसण्यापलीकडे काहीही करू शकत नव्हते.

"इतकं काय झालं पण?" आईचा आवाज आता जरा हलला होता. "तुझंच आहे ना? रोज फोनवर माझं पत्र, माझं पत्र करायचीस."

"माझं नाहीये गं ते. मेनेरचं आहे. शनिवारी प्रदर्शनात लावून परत द्यायचंय."

तिचा चेहरा मी विसरणार नाही. आईला मी रागावलेली पाहिलीय, रडतानाही पाहिलीय. अशी कधीच नाही पाहिली. ती पदर हातात धरून तशीच उभी राहिली.

"परक्याची वस्तू," ती म्हणाली. "आणि मी ओली बोटं लावली."

त्या दिवशी श्रीखंड कुणी खाल्लं नाही. मला रागही येत होता, आणि राग कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. कारण मीच म्हणाले होते 'माझं पत्र', हजार वेळा. टेबलावर मीच ठेवलं होतं. तिला मी प्लास्टिकच्या अटी सांगितल्या होत्या का? नाही. घरात कुणी काढेल हे डोक्यातच आलं नाही. आणि तिने ते कागदाच्या कडेला, रिकाम्या जागी लावलं होतं. मी विचारलं तेव्हा पुटपुटली, "लग्नाच्या पत्रिकेला लावतो तसं कोपऱ्यात लावलं. नावावर कसं लावीन? कुणाचं तरी नाव आहे ते."

शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये फ्रेमा लावायच्या होत्या. मी मेनेरना फोन करायला घेतला आणि चार वेळा ठेवला. आई कोट घालून दाराशी उभी. पायात मोजे, मोज्यांवर सँडल.

"तू कुठे?"

"मी लावलं, मी सांगणार."

"आई, तुला त्यांचं बोलणं कळणार नाही, ते फार सरळ बोलतात. तोंडावर बोलतात."

"मग मीही सरळच बोलते. चल, ट्रेन जाईल."

ट्रेनमध्ये ती ताठ बसली होती. मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा. मी खिडकीतून बाहेर बघत मनात वाक्यं जुळवत होते. एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. त्यांनी आजवर कुणाला काही दिलं नव्हतं आणि पहिल्यांदा दिलं ते मला. यापुढे कुणालाच देणार नाहीत. आणि क्लबमधून मला हाकललं तर? इथे, या देशात, कामाच्या बाहेर मला नावानिशी ओळखणारी तेवढीच एक जागा आहे हो.

मेनेर स्टुलावर चढून दिवा नीट करत होते. मी पत्र टेबलावर ठेवलं. ते खाली उतरले, भिंग घेतलं, वाकले. आणि तसेच राहिले. हॉलमधले बाकीचे आजोबाही हळूहळू थांबले.

"हे काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे. बँकेतल्या नोकरीत शिकलेल्या तिच्या इंग्रजीत. "सर, टर्मरिक अँड कुंकू. आय पुट. शी वॉज इन ऑफिस. शी डझ नॉट नो."

"ओलं होतं?"

"थोडं पाणी."

"तेल?"

"नो नो सर, नो ऑइल."

त्यांनी श्वास सोडला. मग विचारलं, "का?"

आईने एकदा माझ्याकडे बघितलं, मग मला सोडून त्यांच्याकडेच बघत सांगायला लागली. तिचं इंग्रजी तुटक होतं पण ती कुठेही अडली नाही. की आमच्यात वर्षातून एक दिवस असतो. ज्या वस्तूवर तुमचं पोट चालतं, ज्या वस्तूत तुमचा जीव आहे, तिला त्या दिवशी कामाला लावायचं नाही. तिला बसवायचं, तिचे आभार मानायचे. लॅपटॉपवर हिचं पोट चालतं. पण ही मुलगी इथे एकटी राहते, पहिल्या वर्षी फोनवर नुसती रडायची, आणि ज्या दिवसापासून ही पत्रं आली त्या दिवसापासून रडली नाही. म्हणून लॅपटॉप मागे ठेवला आणि पत्र पुढे. "आय थॉट इट इज हर्स. सॉरी, सर."

मला हे माहीतच नव्हतं! म्हणजे मी रडायचे हे माहीत होतं, पण ती कधीपासून कधीपर्यंत हे लक्षात ठेवून आहे, हे नव्हतं माहीत. मी भिंतीकडे तोंड केलं.

मेनेरनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी चिडलोय."

आईने मान हलवली. "येस."

"पुढच्या आठवड्यातही चिडलेला असेन, बहुतेक."

"येस."

"पण फ्रेम आज लावायची आहे." मग माझ्याकडे वळून, "तुझा मजकूर कुठे आहे?"

प्रत्येक पत्राखाली एक पट्टी असते. पत्रावर जी जी खूण आहे ती लिहायची, कुणी केली, कुठे, केव्हा. लाल शाई, पोस्टमास्तर, बॉस्टन, असं. त्यांनी माझी पट्टी वाचली, आणि बोट ठेवून म्हणाले, "ही अपुरी आहे. आता एक खूण जास्त आहे."

"मेनेर, तुम्ही खरंच हे लावणार?"

"लपवायचं नाही, हे मी तुला शिकवलं की नाही? लिही."

मी तिथेच बसून टाइप केलं. खालचा कोपरा, हळद आणि कुंकू, डीमन, दसरा, प्रदर्शकाच्या आईने. त्यांनी वाचलं, स्वल्पविराम बदलला, आणि प्रिंट काढायला गेले. आईने त्यांना जाता जाता लाडवाचा डबा पुढे केला. "आत्ता नको," म्हणाले. मग तिने पिशवीतून गिंकोचं पान काढलं आणि मराठीतच म्हणाली, "सोनं घ्या."

त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. "हे गिंको आहे."

"नो सर. गोल्ड."

पान त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं. हसले वगैरे नाहीत, तसं काही समजू नका.

आज शनिवार, प्रदर्शन. परीक्षकांनी माझे गुण कापले, शेरा सरळ होता, 'अलीकडचा डाग, टाळता येण्यासारखा'. बरोबरच आहे. जुन्या पत्रांचा एक व्यापारी माझ्या फ्रेमपुढे जोरात हसला आणि म्हणाला, मेलं बिचारं पत्र. पण लोक मात्र तिथेच थांबत होते. आई खुर्ची टाकून शेजारी बसलेली. कुणी पट्टी वाचून इकडे तिकडे बघितलं की ती हात वर करायची. "मी. आय ॲम दॅट मदर." बाबा हे सगळं मोबाइलवर शूट करत होते आणि अधूनमधून आकड्याकडे बोट दाखवून अनोळखी डच लोकांना 'पावणेएकोणीस' म्हणायला लावत होते.

पाच वाजता फ्रेमा उतरवल्या. मी पत्र नव्या प्लास्टिकमध्ये घातलं, दोन्ही हातांनी मेनेरसमोर धरलं. "थँक यू. आणि परत एकदा सॉरी."

त्यांनी घेतलं नाही.

"ते आता माझ्या संग्रहात बसत नाही," म्हणाले.

"मेनेर, मी एखाद्या तज्ज्ञाकडून साफ—"

"कुणाकडूनही साफ करायचं नाही!" पहिल्यांदाच आवाज चढला. मग खाली आला. "माझ्या संग्रहात बसत नाही. तुझ्यात बसतं. घेऊन जा."

"म्हणजे... तुम्ही मला देताय? की..."

"पुढच्या शनिवारी ये," म्हणाले, आणि वळून फ्रेमचे स्क्रू काढायला लागले. एवढंच! एवढंच बोलले! त्यांच्या टेबलावर लाडवाचा डबा होता. उघडा होता का? होता. एक कमी होता का? मला मोजायचं सुचलं नाही, आई म्हणते होता, बाबा म्हणतात, 'तो मी खाल्ला.'

ट्रेनमध्ये आईने विचारलं, "मग दिलं म्हणायचं की टाकलं म्हणायचं?"

"माहीत नाही गं."

"शनिवारी विचार."

"असं कसं विचारू?"

"सरळ विचार. ते सरळच बोलतात ना?"

आणि आता ते माझ्यासमोर आहे. लाल पावणेएकोणीस तसाच स्वच्छ, आणि खाली कोपऱ्यात आईच्या बोटाचा ठसा, अगदी रेषांसकट. गुरुवारपासून 'माझं नाही, माझं नाही' असं ओरडून सांगितलं, आणि आता खरंच माझं झालंय आणि मला हात लावायला भीती वाटतेय. आई आतून विचारतेय, याला आता फ्रेम करायची का, आणि केली तर देवाजवळ लावायची की तुझ्या टेबलाजवळ.

मला सांगा ना, तुमच्या घरी झालंय असं? ज्याला कुणी बोटही लावायचं नाही अशी तुमची वस्तू तुमच्या आईने पाटावर बसवली, कुंकू लावलं, आणि त्यानंतर ती वस्तू तुमची राहिली की आणखीच तुमची झाली? आणि तुम्ही पुसलंत का ते?